साने सरांचे 'छात्रालय' आणि आमच्या व्हरांड्यातला फळा

दहावीच्या वर्गाचे मराठीचे निबंध तपासत होते. विषय नेहमीचाच, 'माझी आई'. आमची शाळा उर्दू माध्यमाची, वर्गातल्या सगळ्या मुली मुसलमान घरांतल्या. आणि वह्यांमधल्या बहुतेक आया पहाटे उठून अंगणात सडा-रांगोळी करत होत्या, तुळशीपुढे दिवा लावत होत्या, गोड आवाजात भूपाळी म्हणत होत्या. नाव तेवढे प्रत्येकीने आपापल्या अम्मीचे घातलेले.

आधी हसू आले. मग वाईट वाटले. मुलींची चूक नव्हती. गाइडमधला निबंध पाठ केला की गुण मिळतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि ते खरेही होते. तपासणारा शुद्धलेखन बघतो, परिच्छेद बघतो. ही आई सोलापुरातल्या कुठल्या मोहल्ल्यात राहते, असे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, "तुमची अम्मी सकाळी उठून काय करते?" मराठीत कुणी बोलेना. म्हटले, दखनीत सांगा. मग मात्र वर्ग थांबता थांबेना. नळाला पाणी यायचा दिवस असला की अम्मी चार वाजता उठते, घागरी-बादल्या-पिंप भरते. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड येते, तेव्हा घराचे सगळे वेळापत्रक नळाभोवती फिरते. कुणाची अम्मी पहाटे बिडीचे पान भिजवायला घालते. कुणाची टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. हे सगळे मुलींना माहीत होते, पण ते मराठीत लिहायचे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मराठी ही पेपरात लिहायची भाषा, अशी त्यांची समजूत.

या एका वहीच्या गठ्ठ्यामुळे मी पुन्हा साने गुरुजींकडे गेले. बी.एड.ला असताना त्यांच्यावर एक टिपण लिहिले होते, तेही आता कळते की गाइडमधल्या निबंधासारखेच. तेव्हा गुरुजी म्हणजे 'श्यामची आई', डोळ्यांत पाणी आणि पुढचा मुद्दा. शाळेतला मास्तर म्हणून त्यांनी नेमके काय केले, हे मी वीस वर्षे शिकवल्यावर नीट वाचले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. शिक्षण दापोली, औंध, पुणे असे फिरत फिरत आणि बऱ्याचदा अर्धपोटी झाले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. ही संस्था गिरणीमालक प्रताप शेठ यांनी काढलेली. त्यांच्याच नावाच्या प्रताप हायस्कूलमध्ये जून १९२४ मध्ये साने शिक्षक म्हणून रुजू झाले आणि एप्रिल १९३० अखेर राजीनामा देऊन बाहेर पडले. शिक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली ती एवढीच सहा वर्षे. अमळनेरच्या मुलांसाठी ते 'साने सर' होते. पुढे सगळ्या महाराष्ट्राचे 'गुरुजी' झाले. मला या लेखात सरच हवे आहेत.

शाळेचे वसतिगृह होते, त्याला छात्रालय म्हणत. खेड्यापाड्यांतली, शेतकऱ्यांची मुले तिथे राहत. या छात्रालयाची जबाबदारी सरांकडे आली. मुले शाळेत गेली की ते विस्कटलेली अंथरुणे आवरून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत, मळके कपडे धुऊन वाळत घालत. मुले परत येत तेव्हा खोली नीटनेटकी. हे कोण करते ते मुलांना कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर मुलांनी आपापल्या खोल्या स्वतः झाडायला घेतल्या. ही हकीकत पुष्कळांना माहीत असते. भाषणांतून ती सांगितली जाते, कारण ती सांगायला सोपी आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सरांनी छात्रालयातल्या मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढले. नावही 'छात्रालय' हेच. दैनिक म्हणजे खरेच रोजचे. रात्री मुले झोपली की सर लिहायला बसत आणि सकाळी मुलांना नवा अंक वाचायला मिळे. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, इंग्रजीत वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचा सारांश असे, कविता असत, छात्रालयात काल काय झाले तेही असे. छपाई नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. एकच प्रत. ज्याला वाचायचे त्याने तिथे जाऊन वाचायचे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे छापील मासिकही सुरू केले. पण माझा जीव अडकला तो त्या एका प्रतीत.

शिक्षकाने हे काम काय आहे ते स्वतःशी मोजून बघावे. दिवसभर तास घ्यायचे, वह्या तपासायच्या, वसतिगृहाचा कारभार बघायचा आणि रात्री पानेच्या पाने लिहायची. तीही पन्नास-शंभर पोरांसाठी. वरून कुणी आदेश दिलेला नाही. अहवाल पाठवायचा नाही. बक्षीस नाही. आज आमच्याकडे 'उपक्रम' हा शब्द इतका वापरला जातो की त्याची किंमतच राहिली नाही. वृक्षारोपण झाले, फोटो काढा. वाचन प्रेरणा दिन झाला, फोटो काढा, पुस्तक उघडे ठेवून. फोटो अपलोड झाला की पुस्तक कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. मी हे इतरांना नाही, मलाही सुनावते आहे. असे फोटो मीही काढले आहेत.

सरांच्या दैनिकात मला एक उणीव दिसते, तीही सांगून टाकते. त्यातला बहुतेक मजकूर ते स्वतःच लिहीत. मुले वाचत. प्रेम उदंड, पण देणारा एक आणि घेणारे सगळे.

गंमत अशी की त्याच १९२४ साली फ्रान्सच्या दक्षिणेला, बार-सूर-लू नावाच्या डोंगराळ गावात एक तरुण प्राथमिक शिक्षक अगदी दुसऱ्या बाजूने याच कामाला लागला होता. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात तो फुप्फुसाला गोळी लागून जखमी झाला होता आणि वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्याला झेपत नसे. त्याने एक छोटे छपाईयंत्र वर्गात आणले. मुले फिरायला जात, गावातल्या कारागिरांना बघत, परत येऊन त्याबद्दल लिहीत. त्यातला एक मजकूर वर्ग निवडी, मुले स्वतः खिळे जुळवून तो छापत आणि तेच त्यांचे वाचनाचे पुस्तक होई. दोनच वर्षांत त्यांनी फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या एका शाळेशी या छापील पानांची देवाणघेवाण सुरू केली. डोंगरातली मुले समुद्रकाठच्या मुलांना आपले गाव लिहून कळवू लागली. अमळनेरचे साने सर आणि हा फ्रेने यांना एकमेकांचा पत्ता असण्याचे काही कारण नव्हते. पण दोघांचे म्हणणे एका जागी येते. कुणीतरी खरोखर वाचणार असेल, तरच पोर मनापासून लिहिते. आमच्या मुलींच्या निबंधांना असा वाचणारा नव्हता. तपासणारी होती, म्हणजे मी.

पुन्हा अमळनेरला येते. मार्च १९३० मध्ये गांधीजी दांडीला निघाले आणि एप्रिल संपता संपता साने सरांनी शाळा सोडली. छात्रालयातली मुले रडली असतील, यात शंका नाही. त्याच मे महिन्यात त्यांना अटक होऊन धुळ्याच्या तुरुंगात जावे लागले.

त्याच मे महिन्यात आमचे सोलापूर पेटले होते. गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला. गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. कुर्बान हुसेन ऐन तारुण्यात होते आणि 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत होते. गझनफर म्हणजे सिंह. दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या मुली चार हुतात्मा चौकात फुले वाहायला जातात आणि कुर्बान हुसेन यांच्यावर भाषणही करतात. ते हुतात्मा होते हे त्यांना पाठ असते. ते लिहिणारे होते, संपादक होते, हे भाषणात एका ओळीत उरकते. मला वाटते, शाळेतल्या मुलांना फाशीइतकेच ते वृत्तपत्रही सांगायला हवे.

तुरुंगातही साने गुरुजींची वही सुटली नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने लिहून घेतली साने गुरुजींनी. त्यांनी ती उतरवली नसती तर 'गीता प्रवचने' आज आपल्यासमोर नसती. 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. त्या पुस्तकाची मांडणी बघा. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि मित्र ऐकायला बसलेले असतात. रोजचे सांगणे आणि वाट बघणारे ऐकणारे. छात्रालयाचे दैनिक बंद झाले होते, पण ती सवय गेली नव्हती. 'धडपडणारी मुले' या कादंबरीतही छात्रालय आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील एकदा भेटायला आले. माणूस सरळ, पॉवरलूमवर कामाला. म्हणाले, "आपा, ये श्याम की माँ की किताब हमारे बच्चों कू कायकू? अपने बी बुजुर्ग हैं ना." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना शिकवायला गेले नाही. घरी साने गुरुजींचेच 'इस्लामी संस्कृती' होते, ते दिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र एका कोकणी ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने मराठीत लिहिले आहे, हे त्यांना माहीत नव्हते. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ते पुस्तक आलिमाने लिहिलेले नाही, बाहेरून आदराने आत बघणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे, आणि तसेच ते वाचावे. त्या गृहस्थांना मराठी अक्षरे जुळवून वाचता येत होती. दोन महिन्यांनी पुस्तक परत आले, मुलीच्या हातून. निरोप एवढाच होता की अब्बांनी रात्री सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

आमच्या जिल्ह्याचा आणि गुरुजींचा थेट संबंध पंढरपूरचा. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी तिथे उपोषण केले. दहा मेपर्यंत ते चालले आणि मंदिर खुले झाले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते. पुढे १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढले, म्हणजे पुन्हा नियमाने लिहिणे आणि कुणीतरी वाट बघणे. भारतातल्या भाषांनी एकमेकींकडे जावे यासाठीची त्यांची 'आंतरभारती'ची कल्पना याच काळातली. मधल्या काळात ते तामिळनाडूत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, तिथे तमिळची ओढ लागली आणि तिरुक्कुरल त्यांनी मराठीत आणले.

आंतरभारतीसाठी सोलापूरला दूर जायला नको. आमच्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली. ती आज आठ माध्यमांची पाठ्यपुस्तके काढते आणि त्यातल्या मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू या चारही माध्यमांच्या शाळा आमच्या शहरात आहेत. तरीही या शाळा शेजारी शेजारी असून एकमेकींना ओळखत नाहीत. स्नेहसंमेलने वेगळी, सहली वेगळ्या. विज्ञान प्रदर्शनात टेबले जवळ जवळ असतात तेवढीच.

उर्दू माध्यमात मराठी पहिल्यापासून शिकवली जाते. २०२० चा मराठी सक्तीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून. दहावीला ८० गुणांचा लेखी पेपर, २० गुण अंतर्गत. आमच्या मुली पासही होतात, चांगले गुणही आणतात. मग अकरावीला मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जातात आणि गप्प होतात. बँकेत फॉर्म भरायचा तर भाऊ लागतो. तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहायचा तर बाहेर बसलेला अर्जनवीस लागतो. दहा वर्षे मराठी शिकून ही अवस्था असेल तर दोष मुलींचा नाही, हे मराठीची शिक्षिका म्हणून मला मान्य करावे लागेल.

अडचणी खऱ्या आहेत. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून मुलगी 'माझी पुस्तक' लिहिते. दूध आणि पानी उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. चाय तिकडे स्त्री, चहा इकडे पुरुष. 'ळ' हे अक्षर जिभेवर बसायला वर्ष जाते, तोवर शाळेची 'शाला' असते. चाक आणि चार यांतले दोन वेगळे 'च' लिपीत दिसत नाहीत, ते कानानेच शिकावे लागतात, आणि घरात मराठी ऐकू येत नसेल तर कान कसा तयार होणार? शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे. पाचवीपर्यंतच्या मुली कधी कधी मराठीची वही मागून उघडतात.

पण दुसरी बाजूही आहे. मी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी फळ्यावर शब्द लिहायला सांगते: दप्तर, कागद, शाई, तक्ता, हजेरी, रजा, तारीख, इमारत, हुशार. मुली म्हणतात, आपा, हे तर आमचे शब्द. मी म्हणते, मराठी शाळेतल्या पोरांना विचारा, ते म्हणतील हे आमचे. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीने कधीच घरचे करून टाकले आहेत. अर्धी शाळा तर त्यांच्यावरच चालते.

निबंधांच्या त्या गठ्ठ्यानंतर मी व्हरांड्यातला एक जुना फळा मागून घेतला. रंग उडालेला, पाण्याच्या टाकीजवळ पडून होता. त्यावर रोज एक पान लावायचे ठरले. सरांसारखे मी लिहायचे नाही, मुलींनी लिहायचे. पाळी ठरलेली. अटी तीनच. मराठीत लिहायचे, गाइड बघायचे नाही, आणि स्वतः पाहिलेले किंवा घरी ऐकलेलेच लिहायचे. मी फक्त शुद्धलेखन बघणार, तेही लिहिणारीला शेजारी बसवून.

पहिला आठवडा वाया गेला. सुविचार आले, 'पाणी हेच जीवन' आले. मग एका मुलीने अम्मीवर पान लिहिले. तिची अम्मी बिड्या वळते. त्या पानात असे होते की अम्मीची बोटे बोलतानाही थांबत नाहीत, टीव्ही बघतानाही थांबत नाहीत, आणि कारखान्यात बिड्या बाद झाल्या की अम्मी घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही, तेव्हा आम्ही पण बोलत नाही. आठ ओळी होत्या. त्यात लिंगाच्या चार चुका होत्या. मधल्या सुट्टीत त्या फळ्यापुढे जी गर्दी झाली ती मी आमच्या शाळेत कधी बघितली नव्हती. ज्यांच्या घरात बिडी आहे त्या मुली एकमेकींना सांगत होत्या, आमच्याकडे पण असेच. दुसऱ्या दिवशी पाळी नसलेल्या तिघी पान घेऊन आल्या.

मग पाने येत गेली. कुणाच्या दादांनी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस सांगितले. आता भोंगा नाही, तरी म्हातारा त्या वेळेला जागा होतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यात बसून चक्कर आल्याचे एकीने लिहिले. मोहरमच्या पंज्यांना नवस बोलायला येणाऱ्या शेजारच्या पद्मशाली मावशींवर एक पान होते, त्यात मावशींची तेलुगू आणि आजीची दखनी यांतली भांडणे होती. शाळेचे शिपाई चाचा रोज ते पान वाचून मगच घंटा द्यायचे. एकदा पान उशिरा लागले तर चाचा वर्गात येऊन म्हणाले, "आपा, आज का परचा किधर है?" त्या दिवशी माझ्या मुलींना वाचक मिळाला असे मी समजते.

सगळे गोड नाही. हा फळा मी सुरू केला ती शाळा वेगळी होती, आता मी दुसरीकडे आहे. तिथे एका मुलीने मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसते यावर पान लिहिले. सभ्य भाषेत, तारखेसह. दुपारी ते पान गायब झाले. मला बोलावून विचारले गेले की असले विषय मुलींना कोण सुचवते. मी म्हटले, तहान आणि गरज. पुढचे दोन महिने फळा कोरा होता. मी भांडले नाही, हे इथे कबूल करते. नोकरी होती. साने सरांनी राजीनामा दिला होता, मी दिला नाही. फळा पुन्हा सुरू झाला तेव्हा आधी पान दाखवून घ्यायची अट पडली आणि मुलींना ती लगेच समजली. पाने पुन्हा 'पाणी हेच जीवन'कडे वळू लागली. अट मोडायला माझी बदली व्हावी लागली, म्हणजे शाळा बदलावी लागली.

एका गोष्टीची चिंता मात्र राहते. फळ्यावर लिहिणाऱ्या मुलींचे गुण लगेच वाढत नाहीत. पहिल्या चाचणीत तर कमी होतात, कारण गाइडमधल्या निबंधात चुका नसतात आणि स्वतःच्या वाक्यात असतात. पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात. मी वह्या दाखवते. जूनमधले पान आणि जानेवारीतले पान. काहींना पटते. काही जणांना टक्केच हवे असतात, आणि ज्यांच्या घरात एकच मुलगी दहावीपर्यंत पोहोचली आहे, त्यांना मी चूक कसे म्हणू?

सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा मी लहान होते. मोठेपणी त्याबद्दल वाचताना मला राहून राहून वाटते की मराठीत लिहिणारा मुसलमान संमेलनात तयार होत नाही. तो सातवी-आठवीत तयार होतो, किंवा तिथेच गप्प होतो.

यंदा आम्ही फ्रेनेचे अनुकरण केले. पंढरपूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत माझी बी.एड.ची मैत्रीण शिकवते. आमच्या वर्गाने दहा पाने पाकिटात घालून तिच्या वर्गाला पाठवली. तिकडून बारा आली. वारीत गावातून दिंडी जाते तेव्हा शाळेला सुट्टी कशी मिळते, उजनीचे पाणी वाढले की शेत कसे दिसते, एका मुलाच्या म्हशीचे नाव काय आहे. आणि शेवटी प्रश्न होते. दखनी म्हणजे काय? तुम्ही घरी जेवणाला काय म्हणता? रोज्यात खरेच पाणी पण पीत नाही का?

उत्तर लिहायला सहा जणी बसल्या आहेत. दोन दिवस झाले, गाडी एका शब्दावर अडली आहे. 'सालन'ला मराठीत रस्सा म्हणायचे की कालवण? एक गट म्हणतो, रस्सा पातळ असतो आणि सालन तसे नसते. दुसरा म्हणतो, पंढरपूरकडे कालवणच म्हणतात, त्यांना तेच कळेल. तिसरी म्हणते, सालनच लिहू या आणि कंसात कसे करतात ते लिहू. चाचांनाही विचारून झाले. त्यांनी सांगितले, पहिले खिलाओ, फिर नाम रखो.